वाळायला ठेवलेली खुर्ची

जाळी वाजली, आणि ती इतक्यात वाजायला नको होती.

खुर्ची खिडकीशी, उन्हाच्या कडेला ठेवली होती. वीण पुरी झाली होती, कडेची पट्टी बसली होती, आता वाळणं तेवढं राहिलं होतं. सवयीनं मास्तरांनी मधल्या बोटाची टिचकी बैठकीवर मारली. ओली जाळी टिचकीला 'ढप' म्हणते, भिजलेल्या पिशवीवर थाप मारावी तशी. वाळली की मग तिला कंठ फुटतो. ही मात्र ओली असतानाच 'टण' म्हणाली.

त्यांनी पुन्हा टिचकी मारली. पुन्हा टण.

वेत वाळताना आखडतो. म्हणून विणणारा माणूस ओल्या जाळीत थोडी ढील ठेवतो. ती ढील वाळता वाळता भरून निघते आणि बैठक ताठ होते. ढील न ठेवता ओढली, तर जाळी वाळताना चौकटीलाच खेचायला लागते. नवं लाकूड हे सोसतं. जुनं सोसत नाही. आणि या खुर्चीच्या पुढच्या पट्टीला तर भोकांच्या ओळीतून पूर्वीच एक चीर गेलेली होती. सुतारानं ती सरस भरून बुजवली होती आणि खुर्ची देताना म्हणाला होता, "मास्तर, या पट्टीत जीव नाही. म्हाताऱ्या माणसाचा हात धरतो तशी धरा. ओढाताण केलीत तर दोघंही पडाल."

मास्तर तेव्हा हसले होते. सुतार त्यांच्याहून लहान होता आणि त्यांना ओढ शिकवत होता.

मास्तर हे त्यांचं टोपणनाव. खांद्यावर वेताची मोळी घेऊन ते गल्लीतून जायचे, ते बघून पोरं म्हणायची, छड्या घेऊन मास्तर आले. नाव चिकटलं ते चिकटलंच. वास्तविक त्यांनी उभ्या जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. वडिलांकडून खुर्च्या विणायला शिकले आणि पुढं ते शिकायला कुणी आलंच नाही, कारण मधेच प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. हलक्या, धुता येणाऱ्या, एकावर एक रचता येणाऱ्या. लोकांनी वेताच्या खुर्च्या माळ्यावर टाकल्या, काहींनी बंबात घातल्या. वडिलांनी हाय खाल्ली. मास्तरांना हाय खाऊन परवडण्यासारखं नव्हतं, घरात लहान मूल होतं. ते सरळ एका दुकानात कामाला लागले. दुकान प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचं.

ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यांनी त्या खुर्च्या विकण्यात घालवली. "बसून बघा, मोडायची नाही," असं गिऱ्हाइकाला दिवसभर सांगायचं आणि घरी येऊन जेवायचं. बायको कधी कधी चिडवायची, "सवतीला दुकानात बसवून आलात का?" वेताच्या उरलेल्या मोळ्या त्यांनी पलंगाखाली जपून ठेवल्या होत्या, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग दुकानातून निवृत्त झाले आणि वारं फिरलं. जे माळ्यावर गेलं होतं ते एकेक करून खाली यायला लागलं. नव्या घरात लोकांना जुनी मोझॅइकची फरशी हवी, रंगीत काचांची तावदानं हवीत, पितळी मुठी हव्यात, भिंतीवर फुलाफुलांचा कागद हवा. आणि वेताची जाळी तर सगळीकडे हवी. खुर्चीला, कपाटाच्या दाराला, पलंगाच्या उशाला. सून एक दिवस फोन पुढं करून म्हणाली, "बाबा, हे बघा. हे तुम्हाला येतं ना?" मास्तरांनी चष्मा लावून बघितलं. एका चकचकीत खोलीत त्यांच्या वडिलांच्या हातची वाटावी अशी खुर्ची ऐटीत बसली होती.

बाजारात यंत्रावर विणलेल्या जाळीचा गुंडाळा मिळतो. खाचेत दाबून बसवला की झालं. पण जुन्या खुर्चीला खाच नसते, चौकटीला सगळीकडून भोकं असतात, आणि ती जाळी भोकाभोकातून हातानंच ओवावी लागते. आधी उभी, मग आडवी, मग तिरपी. तसं काम करणारं आसपास कुणी उरलं नव्हतं. सुनेनं त्यांच्या कामाचे फोटो काढून लोकांना पाठवले आणि काम यायला लागलं. पुढच्या खोलीतला सोफा हलला, तिथं पाण्याचं घमेलं, टोचा, लाकडी खुंट्या आणि वेत आला. मास्तरांची मान पुन्हा वर झाली. भाजी आणायला गेले तरी शर्टाला वेताची एखादी साल चिकटलेली असायची आणि ते ती मुद्दाम झटकायचे नाहीत.

आणि या उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या अंगठ्यातलं कळणं गेलं.

दुखलं नाही, सुजलं नाही. एके दिवशी वेताची साल अंगठ्याखाली धरली आणि ती आहे की नाही हेच समजेना. अंगठा हलत होता, पकडत होता, पण मुका झाला होता. विणकामात सगळा हिशेब त्या अंगठ्याचा. साल भोकातून वर आली की अंगठ्याखाली दाबून ओढायची, आणि किती ओढली हे डोळ्यांना नाही, अंगठ्याला कळतं.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मुलाला सांगितलं असतं तर तो एकच वाक्य बोलला असता: "बाबा, आता बास." तो चांगला मुलगा होता, म्हणूनच बोलला असता. आणि मास्तरांना ते 'बास' दुसऱ्यांदा ऐकायचं नव्हतं. पहिल्यांदा प्लॅस्टिकनं म्हटलं होतं, तेव्हा ते तरुण होते, दुसरं काही करू शकले. आता दुसरं काय करणार होते? गॅलरीत बसून येणारं-जाणारं मोजणार?

मदत मागावी तर तीही सोय नव्हती. बायको वेत भिजवायची, सोलायची, जाडी बघून साली वेगळ्या लावायची. लग्न झाल्यापासून ते काम तिचंच. पण ओढायचं काम तिनं कधी केलं नव्हतं. वडिलांचा दंडक होता, एका जाळीला एकच हात. दोन हातांची ओढ कधी सारखी नसते. बैठकीला लाट येते, आणि वजन पडलं की जाळी तिथूनच फाटते.

बहिरा माणूस जसा मोठ्यानं बोलतो, तसा तो मुका अंगठा आता जोरात ओढत होता. सैल राहील या भीतीनं त्यांनी प्रत्येक साल थोडी जास्तच ओढली होती. आणि त्या जास्तीच्या ओढीचा हा आवाज होता. टण.

इलाज एकच होता. वाळायच्या आत जाळी कापून टाकायची आणि पहिल्यापासून विणायची. मास्तरांनी कात्रीकडे बघितलं. कात्री उचलायच्या आधी खाली टेम्पो थांबल्याचा आवाज आला.

"काका, आहात ना?" म्हणत ताई जिना चढून वर आल्याच. ताई म्हणजे घरांची आतली सजावट करून देणाऱ्या. सगळं काम धावत करायच्या, पण नजर बारीक. मास्तरांना बरीच कामं त्यांच्याकडून यायची. "फोटोवाला नव्या घराचे फोटो काढायला आज दुपारीच येतोय. उद्याचं आज झालं. खुर्ची घेऊन जाते."

"ओली आहे अजून," मास्तर म्हणाले.

"तिकडं वाळेल. पंखा लावते." ताई वाकून वीण बघत होत्या. "काय सुंदर झालीये, काका. त्या घरच्या आजोबांना हिला कधी बघतो असं झालंय. खुर्ची त्यांची ना. तीस वर्षं हिच्यात बसून पेपर वाचला म्हणतात. नंतर माळ्यावर गेली. आता मुलानं नवं घर घेतलं, सगळं जुन्या वळणाचं करायचं म्हटल्यावर पहिल्यांदा हिचीच आठवण झाली." त्या सरळ झाल्या. "आजोबांचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन चालतात. पण फोटोत बसायचं ते या खुर्चीतच, असा हट्ट धरून बसलेत. झाली ना ही पूर्ण?"

आता बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं की नाही, थांबा, माझ्या हातून चुकलंय. पण त्यापुढं 'कसं चुकलं' आलं असतं, आणि त्यापुढं अंगठा.

"झाली," मास्तर म्हणाले.

टेम्पोवाल्यानं खुर्ची खांद्यावर घेतली. जिन्यात ती कठड्याला लागली तेव्हा मास्तर नकळत म्हणाले, "सांभाळून." पण ते टेम्पोवाल्याला ऐकू गेलं नाही.

दुपारी जेवायला बसले, पण घास तोंडात फिरत राहिला. बायको समोर बसली होती.

"मीठ जास्त झालंय का?"

"नाही."

"मग अन्नानं काय वाईट केलंय तुमचं, असं बघताय त्याच्याकडं?"

मास्तर मनातल्या मनात खुर्ची वाळवत होते. खिडकी उघडी असेल. पंखा लावलेला असेल. आधी कडा वाळतात, मग मधला भाग. मधला भाग वाळला की खरी ओढ सुरू होते. पुढची पट्टी आतल्या बाजूला झुकते, अगदी दिसणार नाही इतकी, आणि भोकांच्या ओळीतून, जुन्या वाटेनंच, चीर पुन्हा चालू लागते. तिच्यावर कुणी बसलं नाही तर ती तशीच थांबेल. कुणी बसलं तर.

"फोटोवाले मोठे दिवे लावतात ना गं?" त्यांनी एकदम विचारलं.

"लग्नात लावतात तसे? लावत असतील. अंगाची लाही होते त्यांच्यापुढं."

मास्तर ताटावरून उठले.

"अहो, हात तरी धुवा. कुठं निघालात?"

"खुर्चीकडं."

"मोडली का?"

"नाही अजून," असं म्हणून त्यांनी कात्री खिशात घातली आणि चपला सरकवल्या. बायको दारापर्यंत आली.

बस लवकर आली, पण पुलावर अडकली. पुढं एक ट्रक बंद पडला होता आणि ड्रायव्हर खाली उतरून दुसऱ्या ड्रायव्हरशी निवांत बोलत होता. मास्तर खिडकीतून ऊन बघत राहिले. चांगलं कडक ऊन होतं. एरवी असं ऊन पडलं की ते खूश व्हायचे. शेजारी बसलेल्या माणसानं विचारलं, "काका, बरं वाटत नाहीये का? घाम आलाय." ते म्हणाले, "मला नाही, खुर्चीला." माणूस थोडा सरकून बसला.

शेवटी ते पुलावरच उतरले आणि चालायला लागले. या वयात पळणं शोभत नाही म्हणून पळाले नाहीत, पण चालणंही म्हणता येणार नाही असं काहीतरी करत निघाले. वाटेत मनाची समजूत घालून बघितली. सुतार चांगला आहे, त्याचा सरस धरेल. आजोबा वजनानं काय, मूठभर हाडं असतील. आपण उगाच जाऊन स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतोय. इमारतीच्या दारापर्यंत आल्यावर तर ते थांबलेच. परत फिरायला अजून जागा होती. मग त्यांना वॉकर आठवला. ते जिन्यानं वर गेले, लिफ्टची वाट बघायला धीर नव्हता.

दार उघडंच होतं, कारण आतबाहेर वायरी पसरल्या होत्या. खोली बघून मास्तर क्षणभर गोंधळले. आपण मागच्या काळात आलो की काय असं वाटावं अशी खोली होती. काळ्या-पांढऱ्या दाण्यांची मोझॅइकची फरशी, कोपऱ्यात गोल तबकडीचा फोन, काचेच्या कपाटाला पितळी मुठी, वर लांब दांड्याचा पंखा. सगळं त्यांच्या लहानपणी होतं तसंच, फक्त स्वच्छ. आणि मधोमध, दोन मोठ्या दिव्यांच्या झोतात, ती खुर्ची.

दिव्यांची धग दारापर्यंत येत होती.

आजोबा वॉकर घेऊन खुर्चीशी पोचलेच होते. उंच माणूस, मूठभर हाडं वगैरे काही नाही, चांगला भरदार. त्यांच्या मुलानं एका बाजूनं दंड धरला होता. फोटोवाला म्हणत होता, "हं आजोबा, आता हळूहळू वळा, पाठ खुर्चीकडं करा आणि खाली बसा. घाई नाही." आजोबांनी वॉकर सोडून एक हात मागं नेला, खुर्चीचा हात चाचपला, गुडघे वाकवले.

"बसू नका," मास्तर म्हणाले.

आवाज फार मोठा नव्हता, पण सगळे थांबले. आजोबा अर्धे वाकलेले तसेच राहिले. मुलानं त्यांना दोन्ही हातांनी धरलं आणि पुन्हा उभं केलं.

"काका?" ताई दिव्यामागून पुढं आल्या. "तुम्ही इथं कसे?"

"खुर्चीवर बसू देऊ नका कुणाला. पट्टी जाईल."

"कोणती पट्टी? चांगली तर दिसतेय."

"दिसतेय चांगली." मास्तर चपला काढून आत आले. "मी जाळी जास्त ओढलीय. आता वाळली. वजन पडलं तर पुढची पट्टी दुभंगेल."

ताईंनी खुर्चीकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. "सकाळी मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतंत."

"तुम्ही झाली म्हणालात."

"म्हणालो."

पंखा वर गरगरत होता. आजोबांचा मुलगा म्हणाला, "तुम्हाला खात्री आहे का पण? सुतारानं दुरुस्त केलीय ना ती? माझे वडील सकाळपासून तयार होऊन बसलेत."

मास्तर खुर्चीपुढं खाली बसले आणि जाळीवर टिचकी मारली. खोलीभर ऐकू गेलं. मग त्यांनी पुढच्या पट्टीच्या खालच्या बाजूनं अंगठा फिरवला. उजवा अंगठा. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. चीर असली तर तिथंच असणार होती. अंगठा गुळगुळीत फिरला, कुठं अडकला नाही, काही बोलला नाही. चीर नव्हती म्हणून की अंगठा मुका म्हणून, हे त्यांना कळेना. सवयीनं त्यांनी तोच अंगठा पुढं केला होता, आणि आता सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

डाव्या हातानं बघता आलं असतं. त्यांनी डावा हात उचललाही. मग तो खाली ठेवला.

"मला कळत नाही," ते म्हणाले. "माझ्या या अंगठ्याला उन्हाळ्यापासून काही कळत नाही. म्हणूनच जास्त ओढलं गेलं." त्यांनी वर बघितलं. सगळ्यात जवळ आजोबा होते, वॉकरवर दोन्ही हात ठेवून उभे. "तुम्ही बघता का हात लावून? इथं, खालून. भोकांच्या ओळीनं."

"त्यांना वाकवू नका," मुलगा म्हणाला.

"मग खुर्ची वर उचल," आजोबा म्हणाले. "माझा हात काही ऑपरेशनमधे गेलेला नाही."

मुलानं आणि फोटोवाल्यानं खुर्ची उचलून वॉकरच्या उंचीला धरली. आजोबांनी पट्टीच्या खाली अंगठा घातला आणि डोळे मिटले. अंगठा सावकाश सरकत गेला. मधल्या भोकाशी थांबला. थोडा मागं आला, पुन्हा पुढं गेला.

"आहे," ते म्हणाले. "इथून इथपर्यंत. केसाएवढी. नख अडकतंय."

मुलानं स्वतः हात लावून बघितला आणि मग तो वडिलांच्या खुब्याकडं बघत राहिला.

मास्तरांनी खिशातून कात्री काढली. "कापायला हवी. आणखी थांबलो तर नुसत्या वाळण्यानंच पूर्ण जाईल." त्यांनी ताईंकडं बघितलं. ताईंनी मान हलवली, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं दार बंद झालेलं होतं.

पहिली तिरपी साल कापली तेव्हा ती सुतळी तुटावी तशी तडकन सुटली. मग दुसरी. मग उभ्या, मग आडव्या. प्रत्येक साल सुटताना खुर्ची थोडी कुरकुरत होती, गाठोडं डोक्यावरून उतरवणाऱ्या माणसासारखी. इतक्या दिवसांचं काम मोझॅइकच्या फरशीवर कात्रणांच्या ढिगासारखं पडलं. मधे मोकळी चौकट राहिली.

"म्हणजे आता मी बसू कुठं?" आजोबा म्हणाले. "पाय भरून आलेत माझे."

त्या सबंध खोलीत बसण्यासारखं काही नव्हतं. जुन्या वळणाची बाकीची आसनं अजून यायची होती. शेवटी मुलगा आतल्या गॅलरीत गेला आणि कपडे वाळत घालायच्या दोरीखालून एक प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला. फिकट हिरवी, हातांवर ओरखडे पडलेली.

ताईंनी डोळे मिटून घेतले.

मास्तरांनी ती खुर्ची लगेच ओळखली. पाठीला पानाची नक्षी, हाताला टोकाशी छोटासा उंचवटा. असल्या खुर्च्या त्यांनी दुकानातून कितीतरी विकल्या होत्या. ही त्यांच्याच हातून गेली असेल असं नाही, पण गेलीही असेल. आजोबा बसताना त्यांनी न सांगता पाठीमागून खुर्ची धरली आणि तोंडातून जुन्या सवयीनं निघून गेलं, "बसा. ही मोडायची नाही."

आजोबा हसले. आणखी कुणी हसलं नाही.

फोटोवाल्याला सांगून दुसऱ्या खोल्यांचे फोटो आधी घ्यायचं ठरलं. दिवे हलवले गेले. ताई मास्तरांबरोबर दारापर्यंत आल्या.

"काका, सकाळी सांगितलं असतंत तर मी फोटो पुढं ढकलले असते. एक फोन करायचा होता. आता त्यांना कोणत्या तोंडानं सांगू की कपाटाची दारंही तुमच्याकडूनच करून घेणार आहे?"

"नका सांगू," मास्तर म्हणाले.

"तुम्ही आला नसतात तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "बघू आता पुढं काय करायचं ते."

'बघू' म्हणजे काय, हे मास्तरांना दुकानात असल्यापासून माहीत होतं. बघू म्हणून गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. ते खाली वाकून चपला घालत होते तेव्हा आतून आजोबांचा आवाज आला, "अगं ताई, खुर्ची त्यांच्याकडंच धाड. ज्यानं उसवलं त्यानंच विणू दे. मला काय, मी थांबतो. आत्तापर्यंत माळ्यावर होतीच की ती." ताईंनी त्यावर हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

घरी येईपर्यंत दिवे लागले होते. मुलगा आणि सून आली होती. मास्तरांनी आल्या आल्या, पाणीसुद्धा न पिता, सगळं सांगून टाकलं. थांबलो तर पुन्हा जमणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. मुलगा ऐकत राहिला आणि शेवटी अपेक्षेप्रमाणं म्हणाला, "बाबा, आधी डॉक्टर. आणि ते होईपर्यंत काम बास."

"डॉक्टर उद्याच," सून म्हणाली. "बासचं नंतर बघू." तिनं नवऱ्याकडं असं बघितलं की तो आत निघून गेला.

बायको इतका वेळ घमेल्यातलं पाणी बदलत होती. पाठमोरीच म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"अंगठ्याचं. कधीपासून चहाचा कप अख्खा मुठीत धरता. चटका बसत नाही तुम्हाला. शर्टाची बटणं मधल्या बोटानं लावता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होते," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून तेच तर करतेय."

डॉक्टर म्हणाले, मानेतली शीर दाबली गेलीय, कदाचित सुटेल, कदाचित नाही. व्यायाम दिला. मास्तर सकाळ-संध्याकाळ मान वळवत बसू लागले. कोपऱ्यात घमेलं पालथं पडून होतं. सुनेच्या फोनवर ताईंचं नाव उमटायचं थांबलं होतं. एक दोनदा फोन वाजला तेव्हा मास्तरांनी मान वळवायची थांबवली, पण ते दुसरंच कुणीतरी होतं.

आणि मग एका सकाळी जिन्यात टेम्पोवाल्याचा आवाज आला. खुर्ची होती. पुढची पट्टी सुतारानं अख्खी नवी बसवली होती, भोकं पाडून, रंग जुळवून. ताई आल्या नव्हत्या. टेम्पोवाल्यानं निरोप सांगितला, "बाईंनी सांगितलंय, घाई नाही. पण झाली की खरं सांगा म्हणाल्या."

मास्तरांनी घमेलं सरळ करून पाणी भरलं आणि साली भिजत घातल्या. मग त्यांनी बायकोला हाक मारली. ती हात पुसत आली. त्यांनी भिजवलेली एक साल निवडली, मागच्या पट्टीच्या मधल्या भोकातून ओवली, खुंटी ठोकली आणि दुसरं टोक तिच्यापुढं धरलं.

"ओढ."

ती तशीच उभी राहिली. "एका जाळीला एकच हात ना? मामंजी वरून बघत असतील."

"एकच हात. तुझा."

"आणि तुम्ही?"

"मी ऐकतो."

ती खाली बसली. साल पुढच्या भोकातून घेतली आणि अंगठ्याखाली दाबून ओढली. तिचा अंगठा वेत सोलून सोलून कधीचाच घट्ट झालेला होता. मास्तरांनी मान वाकडी करून ताणलेल्या सालीला टिचकी मारली.

"जास्त झालं. थोडं सोड."

तिनं सोडलं.

"आणखी थोडं. हं. आता खुंटी."

"किती बोलताय," ती म्हणाली. "शाळेतसुद्धा मला इतकं कुणी बोललं नव्हतं."

उभी वीण झाली, आडवी झाली, दोनदा उसवली, दोनदा तिनं खुंटी आपटून 'तुमचं तुम्हीच करा' म्हटलं आणि चहा पिऊन परत आली. सुनेनं एकदा दारातून फोटो काढला, तेव्हा तिनं पदर सारखा केला आणि तेवढ्यात एक साल सैल पडली, ती पुन्हा ओढावी लागली. तिरपी वीण तिला मास्तरांपेक्षा लवकर साधली. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

कडेची पट्टी बसली. खुर्ची खिडकीशी ठेवली. ऊन होतं, तरी मास्तरांनी पडदा अर्धा ओढला. मग दोघंही तिच्यापुढं उभी राहिली. मास्तरांनी मधलं बोट वाकवलं, पण टिचकी मारायला त्यांचा हात धजेना.

"मारा की," बायको म्हणाली. "मी ओढलीय, आणि घाम तुम्हाला फुटलाय."

त्यांनी टिचकी मारली.

ढप.

तिला तो आवाज ओळखता आला नाही. तिनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. "काय म्हणते?"

"ओली आहे म्हणते," मास्तर म्हणाले आणि वाट बघायला खाली बसले.